धुळ्याकडून हरकत नाही

तीन पायांचा तो काळा फोन पार्सलातून बाहेर निघाला, तेव्हा वसतिगृहातल्या पोरींनी त्याचं नाव लगेच खेकडा ठेवून टाकलं. फोन म्हणावा तर त्याला उचलायला रिसीव्हर नाही, रेडिओ म्हणावा तर त्यावर आकडे आहेत. मधोमध बारीक जाळी, जाळीभोवती पसरलेले तीन पाय, आणि प्रत्येक पायाच्या टोकाला बोट टेकेल एवढी एक गोल खूण. सोबत जाडजूड पुस्तिका होती. ती अकरा भाषांत होती आणि त्या अकरांत मराठी नव्हती. धुळ्याला फोन पाठवायचा आणि त्याच्यासोबत जपानी पुस्तिका पाठवायची, आता याला काय म्हणावं.

शिल्पा बैसाणे त्या वसतिगृहाची लिपिक. कागदावर लिपिक, बाकी पाण्याच्या टँकरपासून पोरींच्या बसच्या पासपर्यंत सगळं तिच्याच डोक्यावर. रविवारी भर दुपारी ती ऑफिसात तो खेकडा घेऊन बसली. पुस्तिकेतलं इंग्रजी एकेक ओळ लावत तिनं नऊ पानं वाचली. वायर कुठली कुठं, ते कळलं. भिंतीतल्या जुन्या फोनची लाईन काढून ह्याच्या पोटात खोचली, तर पिन सैल. तिला कागदाची घडी लावून घट्ट बसवलं. मग अकरावीतल्या ऋतिकाला मोबाईल देऊन स्वयंपाकघरात पाठवलं आणि इकडून फोन लावला. तिन्ही पायांवर हिरवे दिवे लागले. ऋतिकाचा आवाज असा आला की जणू पोरगी टेबलावरच बसली आहे.

"तुला माझा येतोय का?" शिल्पानं विचारलं.

"ताई, तुमच्या पंख्याचा पण येतोय," ऋतिका म्हणाली.

म्हणून मग सोमवारी पंखा बंद ठेवायचा, कूलर बंद ठेवायचा, असं ठरलं. एप्रिल संपत आला होता आणि धुळ्यात पारा त्रेचाळीसवर होता. पण घाम येतो म्हणून काही बिघडत नाही. शिल्पानं पुस्तिका मिटली ती नवव्या पानावर. पुढची पानं उद्या सकाळी वाचू म्हणाली. ही पुढची पानं तिला जन्मभर पुरणार होती, पण ते तिला तेव्हा कुठून कळणार.

सोमवारी अकरा वाजता वसतिगृह चालवणाऱ्या शिक्षणसंस्थेच्या कार्यकारी मंडळाची सभा होती. एरवी सभा जळगावच्या मुख्य कार्यालयात व्हायची, आणि सगळे सदस्य तिथं जाऊन चहा-फाफडा खाऊन यायचे. ह्या वेळी अध्यक्ष नानासाहेब पुण्याला मुलाकडे होते. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, स्क्रीनकडं बघायला डॉक्टरांची मनाई. आणि धुळ्याचे सदस्य देवचंद आबा पाटील, वय अठ्ठ्याहत्तर, त्यांचे गुडघे जळगावच्या बसला आता नाही म्हणत होते. म्हणून नानासाहेबांच्या भाच्यानं आपल्या कंपनीतले दोन खेकडे संस्थेला देऊन टाकले, एक जळगावला, एक धुळ्याला. जळगावहून फोन येणार, त्यातच पुणं जोडलेलं असणार, आणि सगळ्यांनी आपापल्या टेबलाभोवती बसून बोलायचं.

बोलायचं ते एकाच गोष्टीवर. विषय क्रमांक चार: धुळे येथील मुलींचे वसतिगृह चालू वर्षाअखेर बंद करून इमारत इंग्रजी माध्यमाच्या शाळेस देणे.

बेचाळीस पोरी होत्या तिथं. साक्रीकडच्या, शिरपूरकडच्या, दोन-चार एरंडोल, धरणगावच्या. वसतिगृह बंद झालं तर त्यातल्या पाच-सहा जणी कुठं मावशीकडं, आत्याकडं राहून शिकतील. बाकीच्या घरी जातील, आणि घरी गेलेल्या पोरीचं पुढं काय होतं ते शिल्पाला कुणी सांगायला नको होतं. ती स्वतः ह्याच वसतिगृहात सहा वर्षं राहिली होती. तिच्या पाठची बहीण सविता, तिला त्या वर्षी जागा मिळाली नाही. पुढच्या वर्षी घेऊ, म्हणाले. पुढच्या वर्षी सविताच्या कडेवर लेकरू होतं. ऋतिकाच्या वडिलांनी तर आताच निरोप धाडला होता की वसतिगृह बंद होणार असेल तर वेळेवर सांगा, सुरतकडचं स्थळ थांबलंय.

पण एक फट होती. ही इमारत ज्या बाईंनी दान दिली होती, त्या भलत्या हुशार निघाल्या. दानपत्रात त्यांनी अट घालून ठेवली होती: कार्यकारी मंडळातल्या एकाही सदस्याची हरकत असेल तोवर वसतिगृह बंद करू नये. एकाही. आणि धुळ्याला एकच सदस्य उरला होता. दुसरे धनसिंग भाऊ होते, ते मागच्या श्रावणात गेले. तेव्हा बेचाळीस पोरींचं सगळं आयुष्य एका देवचंद आबांच्या एका शब्दावर येऊन ठेपलं होतं, आणि आबा म्हणजे पन्नास वर्षांत नानासाहेबांपुढं एकदाही नाही न म्हणालेला माणूस.

का म्हणतील? वर्षाच्या बोलीनं राबणाऱ्या सालदाराच्या ह्या पोराला नानासाहेबांनी मास्तर केलं होतं. त्या नोकरीवर आबांनी घर बांधलं, तीन मुलं शिकवली. सभेत नानासाहेब बोलले की आबा मान हलवायचे. एखादे वेळी बोलायच्या आधीच हलवायचे. नानासाहेबांनी ह्या वेळी फोन करून आधीच विचारून ठेवलं होतं, देवचंद, तुझं काही नाही ना? आणि आबा म्हणाले होते, नाही नाना, माझं काय असणार.

शिल्पा अकरा दिवस त्यांच्या घरी खेटे घालत होती. पहिले दहा दिवस आबांनी तिला चहा पाजून परत पाठवलं. "बेटा, मी त्याचं मीठ खाल्लंय," एवढं एकच वाक्य. अकराव्या दिवशी ती रिकाम्या हाती गेली नाही. वसतिगृहाचं पहिलं प्रवेश रजिस्टर तिनं कपाटाच्या तळातून काढलं, झटकलं आणि आबांच्या मांडीवर ठेवलं. त्यातलं अक्षर आबांचंच होतं. सायकलवर गावोगाव फिरून, बापांच्या हातापाया पडून, आबांनी स्वतः त्या पोरी आणल्या होत्या. आबा नावं वाचत बसले. एकेका नावापाशी थांबायचे आणि म्हणायचे, ही नर्स झाली. ही गेली बिचारी. हिचा बाप मला दगड घेऊन धावला होता. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, "सोमवारी किती वाजता म्हणालीस?"

सोमवारी आबा साडेदहालाच हजर. इस्त्रीचं धोतर, खिशात घडी केलेला कागद. कागदावर त्यांनी सगळं लिहून आणलं होतं, कारण आयत्या वेळी नानासाहेबांचा आवाज ऐकून जीभ टाळ्याला चिकटेल ही भीती त्यांनाच जास्त होती. शिल्पानं दार लावलं, खिडक्या लावल्या, पंखा बंद केला.

अकराला पाच कमी असताना खेकडा वाजला. तिनं बटण दाबलं, तिन्ही पायांवर हिरवे दिवे लागले.

"हॅलो, जळगाव." हे सचिव अमृत चौधरी. "हजेरी घेतो. नानासाहेब पुण्याहून आहेतच. धुळे?"

"देवचंद पाटील, हजर," आबा म्हणाले. आवाज जरा फाटला, पण गेला.

"देवचंद, बरा आहेस ना? गुडघे काय म्हणतात?" पुण्याहून नानासाहेबांचा आवाज आला, भरदार, आजारी माणसाचा मुळीच वाटत नव्हता.

"बरे आहेत, नाना," आबांनी सांगितलं आणि सवयीनं मान हलवली.

जळगावच्या बाकीच्यांची हजेरी सुरू झाली, तेवढ्यात दार ढकलून यशोदाअक्का आल्या. अक्का वसतिगृहाच्या अधीक्षिका, साठीच्या, ह्या इमारतीवर आईसारखी माया करणाऱ्या. हातात ताट, ताटात हळद, कुंकू, दोन जास्वंदी. नवीन वस्तूला पूजेशिवाय हात लावायचा नाही, हा अक्कांचा नियम. शिलाई मशीन आलं तेव्हा, कूलर आला तेव्हा, अगदी गॅसची नवी शेगडी आली तेव्हाही त्यांनी हेच केलं होतं. काल त्या गावाला होत्या, म्हणून पूजा राहून गेली होती, आणि बेचाळीस पोरींचा फैसला बिनपूजेच्या यंत्रावर होऊ द्यायला त्या तयार नव्हत्या. शिल्पानं हातानं खुणावलं, नको, आता नको. अक्कांनी डोळ्यांनीच सांगितलं, एक मिनिट.

ओलं कुंकू कालवून आणलं होतं. अक्कांनी अंगठ्यानं दाबून एक टिळा पहिल्या पायाला लावला, त्या गोल खुणेवरच; देवानं जागा केल्यासारखी ती खूण होती. मग दुसऱ्या पायाला. मधे दिवे एकदा लाल होऊन परत हिरवे झाले, ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. मग तिसऱ्याला. आणि तिसरा टिळा लागला तसे तिन्ही दिवे हिरव्याचे लाल झाले.

"बघ, कसं तेज आलं," अक्का कुजबुजल्या.

शिल्पा चमकली. "आत्ता हिरवा होता," ती हळूच आबांना म्हणाली. "काल पण हिरवाच होता."

आबांनी भिंतीवरच्या बोर्डाकडं बोट केलं. तिथं बटणांच्या रांगेत एक इवला लाल दिवा मिणमिणत होता. ह्या भागात माणूस झोपेतून उठतो आणि पहिला त्या दिव्याकडं बघतो; लाल दिसला म्हणजे लाईट आहे, मोटर लावा, पाणी भरा. "हिरवा म्हणजे तयार," आबा म्हणाले. "लाल म्हणजे चालू."

शिल्पाला पटलं. का पटू नये? जळगावचा आवाज खणखणीत येत होता, आणि ज्याचा आवाज येतो त्याला आपला जातच असणार, असं आपण सगळेच धरून चालतो. पुस्तिकेच्या चौदाव्या पानावर लाल दिव्याचं खरं काय ते एका ओळीत लिहिलं होतं. ती नवव्या पानावर थांबली होती.

पहिले तीन विषय अमृत चौधरींनी भराभर उरकले. मग नानासाहेबांनी घसा साफ केला. "विषय चार. इमारत जुनी झालीय, पोरींची संख्या घटतेय, इंग्रजी शाळेला शहरात मागणी आहे. सगळ्यांना आधी कळवलंच आहे. धुळ्याकडून कुणाला काही म्हणायचं असेल तर बोला."

शिल्पानं आबांकडं बघितलं. आबांनी खिशातला कागद काढला, उलगडला, खेकड्याकडं वाकले. "माननीय अध्यक्ष महोदय," त्यांनी वाचायला सुरुवात केली, "मी ह्या संस्थेचा जुना सेवक या नात्यानं आपणांस विनंती करतो की..."

"बरं, नाही ना कुणाचं काही," नानासाहेब म्हणाले. "मग पुढं जाऊ."

आबा थांबले. त्यांनी शिल्पाकडं बघितलं. कानाखाली वाजवावी तसा त्यांचा चेहरा झाला होता.

"बोला, आबा," शिल्पा म्हणाली. "थांबू नका."

"...विनंती करतो की सदर वसतिगृह..."

"अमृत, ठराव वाच," नानासाहेब म्हणाले. आबांच्या शब्दांवरून त्यांचा आवाज रोडरोलर फिरावा तसा फिरला. अमृत चौधरी ठराव वाचू लागले. आबा वाचतच होते. दोन कागद एकाच वेळी वाचले जात होते आणि ऐकू फक्त एकच येत होता.

इथं एखाद्याला वाटेल, अहो, यंत्रात काही बिघाड असेल हे कुणाच्या ध्यानात कसं आलं नाही? नाही आलं. कारण त्या खोलीत बसलेल्या तिघांनाही ही गोष्ट नवी नव्हतीच. आबांनी तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची एक सभा डोळ्यांनी बघितली होती. चार माणसं उभी राहून ओरडत होती आणि इतिवृत्तात लिहिलं गेलं, सर्वानुमते. अक्कांच्या अर्जांना बावीस वर्षांत उत्तर आलं नव्हतं. आणि शिल्पा तर लहानपणापासून अशा खोल्यांच्या दारात उभी राहत आली होती, जिथं ती बोलायला लागली की लोक दुसरीकडं बघायचे. आपलं कुणी ऐकत नाही ह्याची तिघांना इतकी सवय झालेली होती, की फोन बिघडला असेल ही शंका यायला जागाच उरली नव्हती.

आणि तिकडं जळगावला तरी कुणाला का शंका यावी? धुळं गप्प बसतं, ही तिकडची सवय.

"दानपत्राच्या अटीप्रमाणे विचारतो," नानासाहेब म्हणाले. "कुणाची हरकत असेल तर सांगावी. एक वेळ."

आबांनी कागद टेबलावर ठेवला. शुद्ध मराठी बाजूला ठेवली. दोन्ही हात टेबलावर रोवले आणि हरकत आहे हे आपल्या अहिराणीत सांगितलं. "नाना, मनी हरकत शे."

"दुसऱ्यांदा विचारतो."

"शे म्हनी राहिनू ना. ह्या पोरी मी आनेल शेत. घरोघर जाईसन आनेल शेत. तू माले नोकरी दिनी, ते मी इसरनू नही. पन आज मी नही म्हनस."

शिल्पाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. अकरा दिवसांत तिनं ह्यातला अर्धा शब्दसुद्धा मागितला नव्हता. तिला फक्त 'हरकत' एवढं हवं होतं. आणि हा माणूस काळीज काढून टेबलावर ठेवत होता.

"तिसऱ्यांदा आणि शेवटचं."

आबा उठले. गुडघे कडकडले, खुर्ची मागं पडली. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस उभा राहून ओरडला, "मनी हरकत शे, नाना. हरकत शे."

दाराबाहेर पोरी जमल्या असाव्यात, कारण कुणीतरी हुंदका दिलेला ऐकू आला. खेकड्यातून मात्र एक खोकला आला, कागद उलटल्याचा आवाज आला, आणि नानासाहेब शांतपणे म्हणाले, "कुणी काही बोललं नाही, म्हणजे हरकत नाही. तीनदा विचारून झालं. लिहून घ्या. ठराव सर्वानुमते मंजूर."

आबा तसेच उभे राहिले. मग अक्कांनी खुर्ची उचलून त्यांच्यामागं लावली आणि खांद्याला धरून त्यांना बसवलं. "जाऊ द्या, आबा," अक्का म्हणाल्या. "मोठ्या लोकांचं असंच असतं." पन्नास वर्षं सांभाळून ठेवलेली एकच गोष्ट माणसानं बाजारात न्यावी आणि तिथं कुणी ढुंकूनही बघू नये, तसे आबा बसले होते.

शिल्पाला आता रडूही येत नव्हतं. ऋतिकाच्या बापाला फोन करावा लागेल, वेळेवर सांगा म्हणाला होता, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. खेकड्यातून आभाराचं भाषण सुरू झालं होतं. नानासाहेबांच्या भाच्यानं दिलेल्या फोनबद्दल, आधुनिक तंत्रज्ञानाबद्दल. तिचा मोबाईल टेबलावर थरथरला. जळगाव ऑफिसातली पुनम, तिकडं इतिवृत्त लिहिणारी. मेसेज होता: ताई, धुळ्याकडून हजेरीनंतर एक शब्द पण नाही आला, म्हणून सर्वानुमते लिहितेय. आबा झोपले होते का? पुढं हसण्याचं चित्र.

शिल्पानं तो मेसेज दोनदा वाचला. एक शब्द पण नाही. मग तिनं खेकड्याकडं बघितलं. तीन लाल दिवे, आणि तीन गोल खुणांवर कुंकवाचे तीन टिळे, सुकत आलेले.

हजेरीपर्यंत हिरवा. कुंकू लागलं आणि लाल. म्हणजे त्या खुणा आपला आवाज बंद करायची बटणं होती, एकदा दाबलं की बंद, पुन्हा दाबलं की चालू.

आबा ओरडले ते कुठंच गेलं नव्हतं. ह्या चार भिंतींत गेलं होतं आणि इथंच संपलं होतं. नानासाहेबांनी त्यांना डावललं नव्हतं. नानासाहेबांनी त्यांना ऐकलंच नव्हतं. आणि हे यंत्र लावलं कुणी? तिनं. नवव्या पानावर पुस्तिका कुणी मिटली? तिनं. बेचाळीस पोरींच्या नरड्याला नख लावायला दुसरं कुणी लागलंच नाही.

"...तरी सर्व सदस्यांचे आभार मानून," अमृत चौधरी म्हणत होते.

तिनं ओढणीचं टोक घेतलं आणि पहिल्या पायावरचं कुंकू जोरात पुसलं. तिन्ही दिवे हिरवे झाले.

"थांबा," शिल्पा म्हणाली.

"कोण बोलतंय?" नानासाहेबांनी विचारलं.

"धुळे. शिल्पा बैसाणे, लिपिक."

"लिपिकांना सभेत बोलायचा अधिकार नाही," अमृत चौधरी म्हणाले.

"माहीत आहे, सर. मी माझं बोलत नाहीये. देवचंद आबांनी हरकत घेतली होती. तीनदा घेतली. आमच्या फोनचं बटण दाबलं गेलं होतं, तुम्हाला ऐकू आलं नाही. चूक माझी आहे. अजून सभा संपल्याचं जाहीर झालेलं नाही."

"देवचंदनं?" नानासाहेब चक्क हसले. वाईट हसू नव्हतं. कुणी म्हणावं की आपल्या घरचं झाड चालायला लागलं, तसं हसू. "देवचंद, काय म्हणतेय ही? तू हरकत घेतलीस? तुझं काही नाही असं तूच मला फोनवर म्हणालास ना."

शिल्पानं आबांकडं बघितलं. आबांचे ओठ हलले. आवाज निघाला नाही. नानासाहेब आता त्यांच्याशी बोलत होते, मित्रासारखे, मालकासारखे. मघाशी ज्याच्यापुढं ते ओरडले होते तो ऐकत नव्हता, आणि हा ऐकत होता. ऐकणाऱ्या माणसापुढं नाही म्हणणं ही वेगळीच गोष्ट आहे. शिल्पानं हात जोडले. अक्कांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. आबांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, पण शब्द नाही. जेवढं बळ होतं तेवढं मघाशी खर्ची पडलं होतं.

"हे बघ," नानासाहेब म्हणाले, "घेतली नसशील तर नाही म्हण, विषय संपला. देवचंद?"

आबांनी डोळे मिटले.

"देवचंद, मी विचारतोय. हिचं म्हणणं खोटं आहे ना?"

कूलर बंद, पंखा बंद. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक तेवढी तिकडं जात असेल. तिन्ही पायांवर हिरवे दिवे होते. शिल्पानं त्यांच्याकडं नीट बघून घेतलं.

"देवचंद, शेवटचं विचारतो. खोटं असेल तर बोल."

आबा बोलले नाहीत. शिल्पानं मनात पाचपर्यंत मोजलं, मग खेकड्याकडं वाकली.

"नानासाहेब, तुम्ही तीनदा विचारलंत. आबा इथंच बसले आहेत, तुमचा शब्द न् शब्द ऐकताहेत, आणि ह्या वेळी फोन पण चालू आहे. ते खोटं म्हणाले नाहीत. कुणी काही बोललं नाही म्हणजे हरकत नाही, असं तुम्हीच मघाशी लिहून घेतलंत. आता हे पण तसंच लिहून घ्या."

"हा काय प्रकार आहे," अमृत चौधरी म्हणाले. "असं कुठं असतं?"

पुण्याच्या त्या घरात कुठंतरी कुकरची शिट्टी झाली, ती धुळ्यापर्यंत ऐकू आली. शेवटी नानासाहेब बोलले तेव्हा आवाजातला भरदारपणा गेला होता. "देवचंद, लेका," ते म्हणाले, "पन्नास वर्षांत तू माझ्या प्रश्नाला पहिल्यांदा उत्तर दिलं नाहीस." मग थोडं थांबून, "अमृत, सर्वानुमते खोड. धुळ्याची हरकत लिही. वसतिगृह आहे तसं राहील." आणि लाईन कट झाली.

दिवे विझले. दाराबाहेर पोरींची कुजबुज सुरू झाली, पण आत तिघांपैकी कुणी जागचं हललं नाही. अक्का टिळे लावलेल्या त्या यंत्राकडं बघत होत्या आणि त्यांना हळूहळू कळत चाललं होतं की काय झालं. शिल्पानं त्यांना तेव्हा काही सांगितलं नाही. नंतरही सांगितलं नाही.

आबांनी डोळे उघडले. "मघाशी मी एवढं बोलनू," ते म्हणाले, "ते कोनी आयकंच नही का, बेटा?"

"मी ऐकलं, आबा."

आबांनी मान हलवली. मग टेबलावरचा आपला कागद घेतला, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बोट ठेवलं, आणि खिशातलं पेन काढून तिच्याकडं सरकवलं. "मंग लिही," ते म्हणाले. "जसं मी मघाशी सांगं तसंच लिही. मी सही करस."